बाबांचे गुडघे आणि लिस्बनचे उतार

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘बेसिकली’ मी शक्य तेवढे काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आई-बाबा आता रिटायर होतायत किंवा झालेत. पीएफ हातात आलाय, शेजारचे काका-काकू युरोप करून आलेत, आणि एक दिवस घरात घोषणा होते की आम्हीपण जाणार. टूर कंपनीच्या झेंड्यामागे धावायचं नाही, आपलं आपण, निवांत, महिनाभर. मग तिकिटं, नकाशे, ॲप्स हे सगळं कुणाकडे येतं? बरोबर. तुमच्याकडे.

आमच्याकडेही तसंच झालं. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आई, बाबा, मावशी आणि काका असे चौघं बत्तीस दिवसांसाठी निघाले. वयं ६३ ते ७०. रोमपासून सुरुवात, मग फ्लॉरेन्स, नीस, बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिल आणि शेवट लिस्बन. मी नेदरलँड्समध्ये नोकरी करते, त्यामुळे शेवटचे पाच दिवस रजा टाकून त्यांना लिस्बनला गाठलं. तेव्हा जे बघितलं आणि त्याआधी जे वाचून ठेवलं होतं, त्यावर आजचा भाग. प्रश्न असा, की लांबच्या प्रवासाचं शेवटचं शहर डोंगराळ बंदर असेल तर वय झालेल्या माणसांसाठी त्याचं नियोजन वेगळं का करावं लागतं?

आधी लिस्बन असं चढ-उताराचं का आहे ते बघू. जुन्या बंदरांची जागा निवडताना लोक दोन गोष्टी बघायचे. जहाजं वाऱ्या-लाटांपासून सुरक्षित राहतील असं पाणी, आणि शत्रू लांबून दिसेल अशी उंची. तेजो नदी अटलांटिकला मिळते तिथे दोन्ही एकत्र मिळालं. टेकडीवर किल्ला, खाली धक्का, आणि मधल्या उतारावर माणसं. सपाट जागा मुळात कमी, ती व्यापाराने घेतली. राहणारा माणूस वर सरकत गेला. पणजीत फोंतेन्हासमधून आल्तिन्होच्या पायऱ्या चढून गेला असाल तर हा नमुना तुमच्या ओळखीचा आहे. लिस्बन म्हणजे तेच, फक्त कितीतरी मोठं आणि जास्त तिरकं.

१ नोव्हेंबर १७५५ ला इथे भयानक भूकंप झाला, मागून समुद्राच्या लाटा आल्या आणि मग आग. खालचा भाग, बाइशा, जवळजवळ पुसला गेला. मार्क्विस ऑफ पोंबालने तो सरळ रेषांच्या चौकोनी रस्त्यांचा करून नव्याने बांधला. किल्ल्याखालचा आल्फामा मात्र बराचसा वाचला, म्हणून तिथल्या गल्ल्या अजूनही मध्ययुगीन गुंत्यासारख्याच आहेत. आजच्या प्रवाशासाठी याचा अर्थ सोपा आहे: बाइशा सपाट, आणि तिच्या दोन्ही बाजूंना भिंतीसारखे चढ. पूर्वेला किल्ला आणि आल्फामा, पश्चिमेला शियादु आणि बाइरु आल्तु.

आता माझ्या आवडीचा भाग. फोनमधला नकाशा.

नकाशा तुम्हाला दोन मितींत जग दाखवतो. नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सियु चौकापासून किल्ल्याच्या दारापर्यंत अंतर येतं साधारण सव्वा किलोमीटर. बाबा रोज सकाळी पर्वतीच्या पायथ्याशी चार किलोमीटर चालतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं, ‘सव्वा किलोमीटरला काय टॅक्सी करायची!’ पण त्या सव्वा किलोमीटरमध्ये जवळपास शंभर मीटर उंची लपलेली आहे. आणि आल्फामात तर अशा गल्ल्या आहेत, की नकाशात त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात आणि प्रत्यक्षात एक गल्ली दुसरीच्या कौलांवर असते. त्यात अरुंद गल्लीत उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, निळा ठिपका भलत्याच रस्त्यावर उडी मारतो. सपाट शहरात अशी चूक झाली तर वीस पावलं मागे यायचं. इथे ऐंशी पायऱ्या.

उंचीचं अंतरात रूपांतर करायला एक जुना हिशोब आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. मीटरमध्ये आणलं तर एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचं साधारण आठ मीटर चालणं. किल्ल्याचे शंभर मीटर म्हणजे आठशे मीटर जादा. सव्वा किलोमीटरचे झाले दोन. आणि हा हिशोब धडधाकट गिर्यारोहकांसाठी आहे. सत्तरीचे काका, बत्तिसाव्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, यांच्यासाठी गुणाकार तुम्ही तुमचा ठरवा. बऱ्याच नकाशांच्या ॲपमध्ये चालण्याच्या मार्गाचा तपशील उघडला की चढ-उताराचा छोटा आलेख दिसतो. किलोमीटरच्या आधी तो बघायचा.

पण चढ हा अर्धाच भाग झाला. खरा मुद्दा उतारांचा आहे, आणि तो मला लिस्बनवरच्या प्रवासी व्हिडिओंमध्ये कुठेच धड सापडला नाही.

तिथे सगळे एकच सल्ला देतात: ट्रामने वर जा, मग गल्ल्यांतून भटकत खाली उतरा. तुमच्या-माझ्यासारख्यांना उत्तम. पण झिजलेल्या गुडघ्यांना हाच सल्ला सगळ्यात महाग पडतो. चढताना दम लागतो, म्हणजे काम हृदयाचं आणि फुफ्फुसांचं. दम लागला की माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून कुणी थांबतही नाही, आणि सगळा भार गुडघ्यावर जातो. बर्लिनमधल्या संशोधकांनी सेन्सर बसवलेले कृत्रिम गुडघे वापरून हे मोजलंय. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना चढताना तीन पटीच्या थोडा वर, आणि उतरताना जवळपास साडेतीन पट. शिवाय उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. अशा कामाने स्नायूंना बारीक इजा होते, आणि त्याचं दुखणं लगेच जाणवत नाही. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी उसळतं.

आता हे प्रवासाच्या शेवटाशी जोडून बघा. पहिल्या आठवड्यात, रोममध्ये असं झालं तर एक दिवस आराम करता येतो. शेवटच्या शहरात चौथ्या दिवशी गुडघा सुजला तर सहाव्या दिवशी विमान असतं. महिनाभराचा थकवा आधीच पायांत जमा झालेला असतो. शिवाय सेव्हिलहून लिस्बनला थेट रेल्वे नाही, बसमध्ये सहा-सात तास गुडघे दुमडून बसूनच माणसं इथे पोचतात. आणि शेवटचे दिवस म्हणून प्रत्येकाला सगळं बघायचं असतं. ‘परत कधी येणार आपण?’ हे वाक्य मावशीने पहिल्याच संध्याकाळी तीनदा म्हटलं. त्याला उत्तर नसतं, म्हणून तर ते धोकादायक.

त्यावर पुन्हा इथली फरसबंदी. कालसादा म्हणतात तिला. पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बसाल्टचे बोटभर दगड हाताने बसवून केलेली नक्षी. फोटोत अप्रतिम. पण लाखो पायांनी ते दगड काचेसारखे गुळगुळीत केलेत, आणि ऑक्टोबरमध्ये पावसाची सर आली की उतारावर अक्षरशः स्केटिंग. रबरी तळ, खोल नक्षी असलेले बूट हवेतच. आईने महिनाभर सांभाळलेल्या चपला तिथे सक्तीने बॅगेत गेल्या.

मग वर-खाली करायचं कसं? लिस्बनने याची उत्तरं दीडशे वर्षांपासून शोधून ठेवलीत, आणि त्यातली सगळ्यात उपयोगी उत्तरं सगळ्यात कमी प्रसिद्ध आहेत.

बाइशातल्या रुआ दुश फांकैरुश रस्त्यावर एका साध्या इमारतीत सरकारी लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या मादालेना रस्त्यावर सोडते. तिथून थोडं चाललं की शांव दु लोरैरु नावाच्या जुन्या मंडईच्या जागी पार्किंग आणि सुपरमार्केट आहे. त्या इमारतीच्या लिफ्टने थेट वर, किल्ल्याच्या अंगाला. दोन लिफ्टमध्ये निम्म्याहून जास्त टेकडी संपली, रांग नाही. पश्चिमेच्या बाजूला बाइशा-शियादु मेट्रो स्टेशन आहे. एक दार खालच्या बाइशात, दुसरं वर शियादुच्या चौकात, आणि मध्ये लांबलचक सरकते जिने. गाडी पकडायची नसली तरी यातून वर जाता येतं. आणि फिगैरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस किल्ल्यापर्यंत जाते. आमच्या चौघांची ती इतकी लाडकी झाली की काका तिला ‘आपली सातशे सदतीस’ म्हणायला लागले, जणू स्वारगेटहून सुटते.

मुख्य म्हणजे, याच सगळ्या गोष्टींनी खालीही येता येतं. लोक वर जायला लिफ्ट घेतात आणि खाली यायला पाय. आम्ही उलटं ठरवलं. कधी थोडं चढून जाऊ, पण उतरताना यंत्रानेच. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, रस्त्यांचं जाळं म्हणजे ग्राफ, आणि इथे ‘अ’पासून ‘ब’ला जायची किंमत आणि ‘ब’पासून ‘अ’ला यायची किंमत वेगळी असते. तरुण पायांना उतार स्वस्त असतो, झिजलेल्या गुडघ्यांना महाग. ॲपला तुमच्या बाबांचा गुडघा माहीत नसतो, त्यामुळे त्या किमती आपणच भरायच्या.

सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट सगळ्यांना माहीत असते. १९०२ ची, पंचेचाळीस मीटर उंच. बघायला जरूर जा, पण वाहतुकीचं साधन म्हणून तिचा काही उपयोग नाही, कारण तिच्या रांगेत उभं राहूनच पाय जातात.

आणि मग फ्युनिक्युलर. इथे मला थोडं थांबून बोलायचंय.

फ्युनिक्युलर म्हणजे तीव्र चढावर चालणारी केबलची गाडी. तत्त्व आपल्या विहिरीचंच. कप्पीवरून दोर, दोन्ही टोकांना घागरी, एक खाली गेली की दुसरी वर. दोन डबे एकमेकांचं वजन तोलतात, त्यामुळे मोटरला फक्त फरकापुरती ताकद लावावी लागते. लिस्बनमध्ये लाव्रा १८८४ ची, ग्लोरिया १८८५ ची आणि बिका १८९२ ची. ग्लोरिया सुरुवातीला चक्क पाण्यावर चालायची, म्हणजे वरच्या डब्यात पाणी भरायचं आणि त्या वजनाने खालचा डबा वर यायचा. नंतर ती विजेवर आली.

३ सप्टेंबर २०२५ ला संध्याकाळी ग्लोरियाच्या दोन डब्यांना जोडणारी केबल वरच्या डब्याच्या जोडणीपाशी तुटली. ब्रेक लावले गेले, पण ते डबा थांबवू शकले नाहीत. डबा उतारावरून सुसाट खाली आला आणि वळणावरच्या इमारतीवर आदळला. सोळा माणसं गेली. त्यात ब्रेक सांभाळणारा चालकही होता.

आमचे चौघं निघायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. आईने बातमी पाहिली आणि मला फोन केला, ‘लिस्बन रद्द करायचं का गं?’ मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. दोन डबे एका केबलवर तोललेले असतात तेव्हा केबल तुटल्यावर उरतो तो ब्रेक, आणि तो एकट्याने भरलेला डबा त्या उतारावर धरू शकला पाहिजे. तिथे तो धरू शकला नाही. अपघातानंतर शहरातले बाकीचे फ्युनिक्युलरही तपासणीसाठी बंद केले गेले. बस, मेट्रो आणि इमारतींमधल्या लिफ्ट या वेगळ्या यंत्रणा आहेत, त्यांचा त्या केबलशी संबंध नाही. म्हणून लिस्बन रद्द नाही केलं, फ्युनिक्युलर यादीतून काढली. बाबा निवृत्त होईपर्यंत कारखान्यात मेंटेनन्सला होते. लिस्बनला पोचल्यावर ते आपणहून ग्लोरियाच्या पायथ्याशी गेले. लोकांनी फुलं आणि मेणबत्त्या ठेवलेल्या होत्या. बराच वेळ उभे राहिले, मग फक्त म्हणाले, ‘रोजची तपासणी झाली की सगळे निर्धास्त होतात.’

अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम केबलवर नाही, साध्या रुळांवर स्वतःच्या चाकांच्या पकडीने चढते, म्हणून तिचा प्रश्न वेगळा. मार्तिं मोनिशला चढलात तर गर्दी आणि पाकीटमार. दुसऱ्या टोकाला, कांपु दि ओरिकला सकाळी लवकर चढलात तर बसायला जागा. आजी-आजोबांना उभं ठेवून त्या वळणांवरून नेणं म्हणजे पिळवटून काढणं आहे, तेव्हा जागा मिळाली तरच जायचं.

राहण्याची जागा हा पुढचा मोठा निर्णय. मावशीला इन्स्टाग्रामवर दिसलेलं आल्फामातलं घर हवं होतं, खिडकीतून नदी, दारात कपडे वाळत घातलेले. मी तिला त्या घराच्या खालच्या रस्त्याचे फोटो दाखवले. टॅक्सी दारापर्यंत जात नाही, पुढे पायऱ्या, आणि तेवीस किलोची बॅग. जुन्या इमारतींमध्ये बऱ्याचदा लिफ्टही नसते. शेवटी बाइशात, मेट्रोजवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत खोल्या घेतल्या. खिडकीतून समोरची खिडकी दिसायची. मावशी दोन दिवस फुगून होती. तिसऱ्या दिवशी आल्फामातून परत येताना खोलीपर्यंत सपाट रस्ता आहे हे लक्षात आल्यावर तिने मला एक पश्तेल दि नाता खाऊ घातला. म्हणजे मिटलं.

दिवसांची आखणीही आम्ही एक आड एक केली. एक दिवस टेकडी, पुढचा दिवस पाणी. बेलें पूर्ण सपाट आहे, नदीकाठाने. वास्को द गामा १४९७ मध्ये तिथूनच निघाला आणि त्याची कबरही तिथल्याच जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये आहे. काकांनी कबरीसमोर उभं राहून ‘याच्यामुळे आपल्याकडे एवढं सगळं झालं’ अशी सुरुवात केली आणि गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त होईपर्यंतचा इतिहास सांगितला. मी एका बाकावर बसून घेतलं. आणखी एका दिवशी काइश दु सोद्रेहून फेरीबोटीने समोरच्या कासिल्यासला गेलो. दहा मिनिटांचा प्रवास, पण अख्खं डोंगरावरचं शहर बसल्या जागी दिसतं. चालण्याच्या एका पावलाशिवाय इतकं लिस्बन दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

भाषेची गंमत तर वेगळीच. हॉटेलवाली ‘शाव’ म्हणाली आणि हातात चावी दिली. दुकानात सबांव म्हणजे साबण, भाजीत कोवि म्हणजे कोबी, बटाटा तर बटाटाच. आई शाळेत मराठी शिकवायची, तिने वहीत यादीच केली. पाव, चावी, बादली, फीत, पगार, घमेलं. हे शब्द याच धक्क्यावरून जहाजात बसून आपल्याकडे आले असतील, असं म्हणत ती बराच वेळ नदीकडे बघत होती.

काही कोरड्या पण कामाच्या गोष्टी. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या विम्यात किमान तीस हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण असतं. त्याचा मदतीचा नंबर आई-बाबांच्या फोनमध्येही सेव्ह करा, फक्त तुमच्या ईमेलमध्ये नको. युरोपभर आणीबाणीचा नंबर ११२. आणि पोर्तुगालच्या रेल्वेत ६५ पासून पुढच्यांना निम्मं तिकीट मिळतं, पासपोर्ट जवळ ठेवा.

शेवटचा चढ विमानतळावर असतो, आणि तो दिसत नाही. युरोपातून बाहेर पडताना पासपोर्टची रांग. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे तिथे वेळ जास्त धरावा लागतो. युरोपियन युनियनच्या नियमानुसार चालायला त्रास होणाऱ्या प्रवाशाला विमानतळावर मदत, म्हणजे व्हीलचेअरसकट, मोफत मिळते. प्रवासाच्या किमान अठ्ठेचाळीस तास आधी एअरलाइनला कळवायचं, बस. हा हक्क आहे, उपकार नाही.

पण बाबांना हे कोण सांगणार? ‘मी काय पेशंट आहे?’ बत्तीस दिवस स्वतःच्या पायांवर काढलेला माणूस शेवटच्या तासाला खुर्चीत बसायला तयार होत नाही, आणि मला ते समजतही होतं. आईने वाद घातला नाही. तिने एअरलाइनला फोन लावायला सांगितला आणि चौघांसाठी नाही, फक्त काकांसाठी मदत मागवली. काकांचा गुडघा बाबांपेक्षा बरा आहे. विमानतळावर काका आनंदाने खुर्चीत बसले, मांडीवर सगळ्यांचे पासपोर्ट घेतले, आणि मदतनीस मुलगी त्यांना घेऊन वेगळ्या दाराने निघाली. सोबतचे म्हणून बाकीचे तिघंही त्याच दाराने. वाटेत काका म्हणाले, ‘अरे, मला पाय मोकळे करायचेत, तू बस जरा.’ बाबा बसले.

तुमच्या घरची मंडळी कुठे निघाली असतील आणि शेवटचं शहर असंच तिरकं असेल तर शहराचं नाव आणि राहण्याचा भाग सांगणारी व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातली दोन-तीन शहरं नकाशावर उघडून बघू.